माझ्या काचेवरचे एकशेवीस दिवस

मी एक जुनी व्हॅन आहे. मला पाहून लोक वय विचारत नाहीत, वजन विचारतात, कारण भंगार वजनावर जातं. विचारू देत. मित्रांनो, आज मी थोडी फुशारकी मारणार आहे आणि ती तुम्ही ऐकून घ्यायची आहे. अठरा वर्षांत एकदा तरी एवढा हक्क मिळायला हवा.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी पांढरीशुभ्र होते. पहिली आठ वर्षं मालेगावात शाळेची गाडी म्हणून गेली. तिथल्या पोरांनी वर्षभरातच माझी मागची सीट कुरतडून फोम बाहेर काढला. मग नियाजभाई नावाच्या सीटवाल्याने यंत्रमागावरच्या जाड कापडाची खोळ शिवून दिली, निळ्या चौकड्याची. पुढे माझा रंग उडाला, आरसा गेला, पण त्या खोळीचा एक टाका उसवला नाही.

नंतर मला दिंडोरीच्या भिमाजीनानांनी घेतलं. त्यांची द्राक्षबाग होती. छाटणीला मजुरांना नेणं, फवारणीची पिंपं आणणं, काढणीला क्रेट वाहणं, ही माझी कामं. नाना मला 'म्हातारे' म्हणायचे, पण दसऱ्याला पहिला हार मलाच घालायचे. पाच वर्षं अशी मजेत गेली. मग नानी वारल्या. नानांनी बाग पुतण्याकडे सोपवली आणि मला पत्र्याच्या शेडखाली लावलं. टायर बसले, बॅटरी मेली. माझ्यावर कांद्याच्या रिकाम्या गोण्या पडू लागल्या. खरं सांगते, फार वाईट वाटलं. एखाद्याने वाईट वागवलं तर निदान रागावता येतं, विसरूनच गेला तर कोणावर रागावणार?

त्याच हिवाळ्यात एक कुत्री माझ्या मोडक्या मागच्या दारातून आत शिरली आणि निळ्या सीटवर तिला तीन पिल्लं झाली. दोन पिल्लं लोकांनी नेली. तिसरा राहिला, मातकट रंगाचा, एक कान पडलेला. तो भुऱ्या. नाना त्याला सकाळ-संध्याकाळ दूध घालायला येऊ लागले आणि येता येता माझ्या पुढच्या सीटवर बसू लागले. मागे भुऱ्या, पुढे नाना. नानी गेल्यावर नाना कोणाशी मनातलं बोलत असतील तर ते भुऱ्याशीच, आणि ते सगळं मी ऐकलेलं आहे.

नानांची मुलगी हर्षाली स्पेनमध्ये, व्हॅलेन्सिया शहरात, फळांच्या कंपनीत नोकरी करते. चार वर्षांत तिला घरी यायला जमलं नव्हतं. दर हिवाळ्यात ती नानांना बोलवायची आणि नाना एकच उत्तर द्यायचे, "भुऱ्याला कोनाकडं ठिवू?" एकदा नाना सटाण्याला लग्नाला गेले, तेव्हा भुऱ्याने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. त्यामुळे ही सबब नव्हती.

या उन्हाळ्यात मात्र हर्षालीचा फोन आला. "नाना, मी कॅरॅव्हॅन घेतलीय. गाडीच्या मागे जोडायचं चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, सगळं. हिवाळ्यात समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला जाऊ, मग पोर्तुगालच्या किनाऱ्याला. तिकडे थंडी बेताची असते. आणि भुऱ्यालाही आणा."

"त्याला इमानात घेत्यात?"

"घेतात. पण कागद नीट हवेत आणि त्याला बंद पिंजऱ्यात शांत बसता आलं पाहिजे."

चाकांवरचं घर! मग मी इतकी वर्षं कोण होते, असं माझ्या मनात आलंच. पण दुसऱ्या दिवशी नानांनी नकाशा माझ्याच बॉनेटवर पसरला आणि चष्मा लावून बोटाने किनारा गिरवला, तेव्हा माझा राग गेला. किती वर्षांनी नाना कुठेतरी जायचं म्हणत होते.

तयारी जोरात सुरू झाली आणि पहिल्याच पायरीला घोटाळा झाला. बागेत नानांची जन्माची सवय, आधी फवारणी उरकायची, मग सावकाश प्लॉटच्या पाटीवर औषध आणि तारीख लिहायची. त्याच हिशेबाने त्यांनी मे महिन्यात भुऱ्याला रेबीजची लस टोचून घेतली आणि जूनमध्ये त्याच्या कातडीखाली ओळखीची चिप बसवून आणली. जुलैत हर्षालीने कागद तपासले.

"नाना, हे उलटं झालं. आधी चिप, मग लस. चिपच्या आधीची लस युरोपात धरत नाहीत."

"आगं, औषध तर त्येच ना? पाटी मागून लावली म्हून काय झालं?"

"हा कुत्रा आहे नाना, बाग नाही. आता पुन्हा लस. मग तीस दिवसांनी रक्त तपासायचं. रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं."

दिवाळी लेकीकडे करायचं ठरलं होतं, ते बारगळलं. मग नाना बोटांवर काहीतरी मोजू लागले आणि एकदम सरळ होऊन बसले.

"तीस अन् नव्वद. एकशेवीस दिवस! हर्षा, आगं ही तर द्राक्षाची मुदत! छाटणीपासून एकशेवीस दिवसांत म्या घड तयार करून तुझ्या युरोपात धाडलेत. ह्यो कुत्रा हाय व्हय अवघड?"

नव्या लशीच्या दिवशी नानांनी खडू घेतला आणि माझ्या मागच्या काचेवर लिहिलं, 'भुऱ्या, छाटणी, दिवस १'. रोज सकाळी ते जुना आकडा पुसून नवा लिहू लागले. माझी काच पाच वर्षांनी पुसली गेली, हेही इथे नोंदवून ठेवते.

तिसाव्या दिवशी भुऱ्याचं रक्त तपासणीला गेलं. कागदांचं सुरळीत चाललं होतं, घोडं अडलं ते पिंजऱ्यापाशी. मोठा, हवेशीर, जाळीच्या दाराचा पिंजरा आणला होता. दार लावलं की भुऱ्या जाळी चावायचा, नाकातून रक्त येईपर्यंत धडका द्यायचा आणि असा रडायचा की नाना धावत जाऊन दार उघडायचे. बिस्किटं झाली, मटणाचं हाड झालं, काही उपयोग झाला नाही. एक्केचाळिसाव्या दिवसानंतर काचेवरचा आकडा बदललाच नाही.

"हर्षा, नाय जमत," नाना फोनवर म्हणाले. "त्याला आसं कोंडून म्या नाय आननार, अन् त्याला टाकून नाय येनार. तू येकटीच फिर." पलीकडून हर्षालीचं रडणं मला ऐकू आलं.

त्याच निराशेत नानांनी आवरासावर काढली आणि मला मोडीत द्यायचं ठरवलं. मालेगावचा एक माणूस जुन्या गाड्या घेतो असं कळलं होतं. तो टेम्पो घेऊन आला. दाढी पिकली होती, तरी मी ओळखलं. नियाजभाई!

त्यांनी मागचं दार उघडलं. आत भुऱ्या निळ्या सीटवर नाक खुपसून झोपला होता. नियाजभाईंनी खोळीवरून हात फिरवला. "काका, ही शिलाई तर माझी! सतरा साल झाले, एक टाका नाय निघाला." मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या कोऱ्या पिंजऱ्यावर गेली. नानांनी सगळी हकीगत सांगितली.

नियाजभाई हसले. "काका, तो पिंजऱ्याला नाय डरत. त्याला घर सुटायचा डर हाय. तुम्ही त्याचं घरच पिंजऱ्यात घाला ना. अन् ही गाडी मी भंगारात नेत नाय. हिला पहिलं चालू करू."

आणि त्यांनी कात्रीने माझी खोळ कापली. दुखलं, मित्रांनो. सगळं गेल्यावर तेवढी एकच धड गोष्ट माझ्याकडे उरली होती. पण त्याच दुपारी त्यांनी तिची पिंजऱ्याच्या मापाची गादी शिवली आणि सीट काढून मोकळ्या झालेल्या जागेत, माझ्या पोटात, पिंजरा ठेवला. भुऱ्याने गादी हुंगली. आत गेला. तीन गिरक्या घेतल्या आणि बसला. दार उघडंच होतं, म्हणून कोणी अजून आनंद केला नाही.

नानांनी मधले दिवस मोजून काचेवरचा आकडा पुन्हा चालू केला. पुढे महिनाभर माझी डागडुजी चालली. टायर आले, बॅटरी आली, भुऱ्याबरोबर माझेही कागद नव्याने झाले. नाना रात्री माझ्यातच झोपू लागले, लहान शेगडीवर चहा करू लागले. चाकांवरच्या घराची ती तालीम होती. पिंजऱ्याचं दार रोज थोडा जास्त वेळ बंद राहू लागलं.

नव्वदाव्या दिवशी खरी परीक्षा होती. दिंडोरी ते मालेगाव, दार बंद. निघताना नाना म्हणाले, "चांदवडपोतूर रडला तर मागं फिरायचं. मंग ह्यो इषय पुन्यांदा नाय काढायचा."

नियाजभाईंनी चावी फिरवली. मी खोकले, थरथरले आणि सुरू झाले! पिंपळगावला हायवेला लागलो. बाजूने ट्रक भोंगे वाजवत जात होते. मागून काही आवाज नाही. नाना वळून बघायला धजेनात. चांदवडला गाडी थांबवून त्यांनी मागचं दार उघडलं. भुऱ्या पाय पसरून घोरत होता. नाना माझ्या दाराला धरून रडले आणि रडता रडता हसले. तिथून मालेगावपर्यंत मी जी धावले, तशी उमेदीच्या काळातही कधी धावले नव्हते.

रक्ताचा अहवाल चांगला आला. काचेवर १२० लिहिलं गेलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मीच दोघांना घेऊन मुंबईच्या विमानतळावर गेले. त्यानंतर मी नियाजभाईंकडे राहायला आले.

परवा नानांचा व्हिडिओ कॉल आला. मागे समुद्र, कॅरॅव्हॅनचं उघडं दार, हर्षाली बापाला चिकटून बसलेली आणि पायरीवर निळ्या चौकड्यावर भुऱ्या. नियाजभाईंनी फोन माझ्यासमोर धरला आणि माझा भोंगा वाजवला. भुऱ्याचा पडका कान उभा राहिला. तो ताडकन उठला, फोनवर भुंकला, मग गादी हुंगली, पुन्हा भुंकला. ओळखलं त्याने मला. सातासमुद्रापलीकडून ओळखलं!

तर मित्रांनो, तुमच्या अंगणातही एखादी जुनी गाडी किंवा पेटी पडली असेल. तिचं वजन करण्याआधी एकदा दार उघडून बघा. आत कोणीतरी झोपलेलं असतं, आणि त्याचं घर तुम्ही विकायला काढलेलं असतं.