दुसऱ्या पसंतीचा माणूस

मर्डो किनेर्डला मागता येत नसे. जेवणात मीठ कमी पडले तर तो मिठाच्या भांड्याकडे नुसता बघत बसे, आणि एफीने ते पुढे सरकवले की वर म्हणे, "अगं, राहू दे, चाललं असतं." असा माणूस लॅमर्टनच्या नगरपालिकेत सहा वर्षे नगरसेवक कसा टिकला, याचे बाहेरगावच्यांना नवल वाटे. एफीला वाटत नसे. लग्नाआधी ती शाळेत बीजगणित शिकवायची, आणि नवऱ्याच्या निवडून येण्यामागचे गणित तिने केव्हाच सोडवून ठेवले होते.

लॅमर्टनमध्ये पूर्वी इतर गावांसारखी एका नावापुढे फुली मारायचीच पद्धत होती. शहराचे चार वॉर्ड, आणि प्रत्येक वॉर्डाचा एक पिढीजात मालक. पहिले महायुद्ध संपल्यावर सुधारक मंडळींनी वॉर्ड मोडून सगळ्या शहराचा एकच मतदारसंघ केला आणि फुलीच्या जागी आकडे आणले. आवडत्या उमेदवाराला एक, त्याच्या खालोखाल दोन, मग तीन. निवडून यायला लागणाऱ्या मतांचा कोटा ठरलेला; त्याहून जास्त मते कुणाला मिळाली, तर वरची मते त्या त्या मतपत्रिकेवरच्या दोन नंबरवाल्याकडे जायची. ज्याला सर्वांत कमी, तो बाद, आणि त्याच्या मतपत्रिकाही तशाच पुढे वाटायच्या. कॅनडाच्या या गवताळ पठारावर तेव्हा बऱ्याच शहरांना या आकड्यांचे वेड लागले होते.

पहिल्या वर्षी गंमतच झाली. मिसेस लेडलॉने सातही उमेदवारांना एक नंबर दिला, कारण "सगळेच चांगल्या घरचे आहेत." घोड्यांना नाल ठोकणाऱ्या म्हाताऱ्याने आपल्या माणसाला सात दिले, एकापेक्षा सात मोठे, हे त्याला कुणी वेगळे सांगायची गरज नव्हती. शेवटी चर्चच्या तळघरात एफीने मुरंब्याच्या सात बरण्या आणि वाळलेले वाटाणे घेऊन शिकवणी लावली. बरणी भरली की वरचे वाटाणे दुसऱ्या बरणीत. लोकांना ते पटले. मिसेस लेडलॉने तर वाटाणे घरीही नेले.

मर्डोची बरणी दर वेळी अशीच भरायची. डॉक्टर फर्कर्सन उभे राहत. अर्ध्या गावाची बाळंतपणे त्यांनी केलेली, त्यामुळे त्यांना कोट्याच्या दुप्पट मते पडत. त्यांच्या मतपत्रिकांवर दोन नंबरला हमखास मर्डो, गावचा घड्याळजी. एकदाचे डॉक्टर उतू गेले की मर्डो निवडून येई. बत्तीस सालच्या डिसेंबरात मात्र डॉक्टर गुडघ्यांमुळे घरी बसले.

"मर्डो," एफी म्हणाली, "इतकी वर्षं दुसऱ्याचं दूध उतू जात होतं आणि तुझं भांडं भरत होतं. या वेळी चुलीवर दूधच नाही. लोकांना एक नंबर माग."

"मागतो की."

"काय म्हणतोस ते म्हणून दाखव."

मर्डोने टोपी हातात घेतली, जणू समोर कुणाचे दार होते. "नमस्कार. पहिलं मत तुमच्या मनातल्या माणसाला द्या. जमलंच, तर दुसरं माझा विचार करून."

"जमलंच तर!"

"अगं, माणसाचं पहिलं मत म्हणजे त्याच्या घरातली आरामखुर्ची. पाहुण्याने सरळ जाऊन तिच्यात बसायचं का?"

"सहा वर्षं ओट्यावर बसलायस, आता आत ये म्हणतेय मी."

मर्डोला ती खुर्ची नको होती असे नाही. गावाच्या मधून रेल्वेचे यार्ड गेले होते. पलीकडची पोरे मालगाडीच्या डब्यांखालून रांगत शाळेत येत. यार्डावर पादचाऱ्यांसाठी पूल हवा, म्हणून मर्डो सहा वर्षे एकेका नगरसेवकाच्या मागे लागला होता. अर्थात त्याच्या पद्धतीने, म्हणजे त्यांच्या बाजूला नुसता उभा राहून. जानेवारीत ठराव मतदानाला येणार होता. कोळशाचे व्यापारी सेप्टिमस गॉल्ट उघड विरोधात होते. मर्डो कुणाकडे काही मागत नसे, स्वतःसाठी तर नाहीच. त्या ठरावाला आपला हात वर करायचा, एवढे एकच त्याला मनापासून हवे होते. एफीला ते माहीत होते, म्हणून तर तिचा जीव वरखाली होत होता.

तिने कागदावर हिशेब मांडला. सात उमेदवार, पाच जागा. सर्वांत तळाशी ओस्ताप दिडिक राहणार हे उघड होते. हा यार्डापलीकडचा बेकरीवाला, पहिल्यांदाच उभा राहिलेला, युक्रेनमधून येऊन वीस वर्षे झाली तरी इकडच्यांच्या लेखी नवखाच. त्याला पाचशे. मर्डोला, अगदी हात आखडून धरला तरी, दोन हजार. दिडिक बाद झाला की त्याचीही मते मर्डोकडेच येणार होती. हिशेब दोनदा तपासून तिने पेन्सिल खाली ठेवली.

मतदानाच्या दिवशी सकाळी निघताना ती म्हणाली, "आज एका तरी माणसाला एक नंबर माग. माझ्यासाठी."

मर्डोने मान डोलावली. फाटकाशीच दूधवाला भेटला.

"मिस्टर किनेर्ड, या वेळी तुम्हालाच एक नंबर देणार बघा!" दूधवाला आपणहून म्हणाला.

"छे छे," मर्डो घाईने म्हणाला, "तुझा मेहुणा उभा आहे ना? घरात उगाच कुरबूर नको. मला आपलं दोन पुरे."

मतदान शाळेत होते. एफी तिथपर्यंत त्याच्या चार पावले पुढे चालत गेली. आवारात प्रचाराची हद्द म्हणून दोरी बांधली होती आणि तिच्या अलीकडे पराश्का दिडिक, ओस्तापची बायको, नवऱ्याची पत्रके घेऊन उभी होती. थंडी अशी की श्वास रुमालावर गोठत होता. लोक पत्रक न घेताच पुढे जात होते. एफीने घेतले.

"सगळ्यांना सांगतेय मी," पराश्का म्हणाली. "एक आमच्या यांना, दोन मिस्टर किनेर्डना. पुलासाठी आमच्या बाजूने तेच एकटे बोलले ना."

आत दोरीने बांधलेली पेन्सिल हातात घेऊन एफीने कागदाकडे पाहिले. किनेर्ड. तिला दूधवाल्याचा चेहरा आठवला, आणि मर्डोचे ते 'पुरे'. दोन पुरे काय? घे दोन. तिने दिडिकसमोर एक लिहिला, किनेर्डसमोर दोन, आणि घडी घालून कागद पेटीत टाकला. बाहेर येईपर्यंत राग निम्मा उतरला होता; तरी हिशेब पक्का होता, त्यामुळे काळजी अशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरभवनाच्या वरच्या मजल्यावर मोजणी सुरू झाली. निवडणूक अधिकारी मिस्टर टास्कर नाक पुसत पुसत सात खणांच्या मांडणीसमोर उभे होते, आणि कारकून एकेक मतपत्रिका उघडून ज्याच्या त्याच्या खणात टाकत होते. प्रेक्षकांच्या बाकावर एफीच्या एका बाजूला मिसेस लेडलॉ विणकाम करत होती, दुसऱ्या बाजूला पराश्का. मर्डो मागे भिंतीशी उभा होता, कारण त्याची खुर्ची त्याने कुणाला तरी दिली होती.

मर्डोचा खण हळूहळू भरत होता. फारच हळू. दिडिकचा त्याच्या बरोबरीने. पलीकडचे लोक बर्फातून, बायकापोरांसह, एकूण एक मतदानाला आले होते. हे एफीच्या कागदावर कुठेच नव्हते.

दुपारी टास्कर लोकांकडे वळले. "एकूण वैध मते सोळा हजार दोनशे. कोटा सत्तावीसशे एक. पहिल्या पसंतीत कुणीही कोटा गाठलेला नाही." त्यांनी नाक पुसले. "खालून दुसरे, दिडिक, सोळाशे पस्तीस. सर्वांत खाली, किनेर्ड, सोळाशे चौतीस."

बाकावर कुजबुज झाली. गॉल्ट तेवीसशेवर होते आणि खुशीत होते. टास्करांनी दोन्ही खण पुन्हा मोजायला लावले. सोळाशे पस्तीस. सोळाशे चौतीस.

"पण मी त्यांना दोन नंबर दिला होता!" मिसेस लेडलॉ सुया थांबवून म्हणाली. "माझ्या दोन्ही बहिणींनीसुद्धा!"

"आम्ही पण दोन," मागून कुणीतरी म्हणाले.

"आमच्या अख्ख्या गल्लीने दोन दिलाय."

"त्यांनीच मागितला होता की!"

"मिस्टर टास्कर, ते दोन बघा ना जरा!"

"मॅडम," टास्कर म्हणाले, "मतपत्रिकेवरचा एक नंबरवाला बाद झाल्याशिवाय किंवा उतू गेल्याशिवाय दोनकडे बघायचा मला अधिकार नाही. बघता आलं असतं, तर किनेर्डसाहेबांना महापौर करायची वेळ आली असती."

लोक हसले. मर्डोही भिंतीशी हसला, कारण सगळे हसत होते.

एफी हसली नाही. डोक्यातली आकडेमोड थांबवणे तिला आयुष्यात कधी जमले नव्हते. तिचे मत दिडिकच्या खणातून काढले तर तिथे सोळाशे चौतीस. तेच मर्डोच्या खणात टाकले तर तिथे सोळाशे पस्तीस. खण दोन, कागद एक, आणि तो कागद तिच्या अक्षरातला. सातसारखा वळलेला तिचा एकचा आकडा शाळेतल्या फळ्यापासून सबंध गावाला ठाऊक होता.

मर्डो बाद झाला. त्याच्या मतपत्रिका वाटल्या गेल्या, आणि त्यांवर दोन नंबरला, पुलासाठी म्हणून, हजाराच्या वर ठिकाणी दिडिक निघाला. चार वाजण्याच्या आत दिडिकने गॉल्टांना मागे टाकले आणि पाचवी जागा घेतली. पराश्काने एफीचा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली. ओस्ताप दिडिक खुर्च्या ओलांडत भिंतीपर्यंत गेला आणि त्याने मर्डोला मिठी मारली.

"मिस्टर किनेर्ड! मी सगळ्यांना सांगितलं होतं, दोन नंबर तुम्हाला!"

"हो, हो," मर्डो त्याच्या खांद्याआडून म्हणाला. "सगळ्यांनी अगदी तंतोतंत ऐकलं."

घरी जाताना दोघे यार्डाच्या कुंपणाकडेने निघाले. उन्हे उतरली होती आणि बर्फ निळसर दिसत होते.

"पूल होईल," मर्डो म्हणाला. "दिडिक हात वर करील. चांगला माणूस आहे." आणि मग थोडे चालल्यावर, "मला करायचा होता गं."

एफीला एकच आशा उरली होती, आणि ती फारशी चांगली नव्हती. हा माणूस इतका भिडस्त की त्याने स्वतःलासुद्धा दोनच दिला असणार. तसे असेल तर दोष निम्मा निम्मा.

"खरं सांग मर्डो. तू स्वतःला कितवा नंबर दिलास?"

"एक."

"एक?"

"अगं, मी भिडस्त आहे, खुळा नाही." तो तिच्याकडे नवलाने बघत होता. "पेटीपाशी कोण बघतंय? तिथे मागायचं नसतं, नुसतं लिहायचं असतं. आणि एक समाधान आहे बघ. सोळाशे चौतीसांपैकी दोन मतं कुणाची, ते मला नक्की ठाऊक आहे."

एफीने तारेचे सहा खांब मोजले. सातव्याला ती थांबली.

"एकच ठाऊक आहे," ती म्हणाली. "दुसरं माझं नाही."

तिने दूधवाला, पराश्काचा गोठलेला रुमाल, दोरीची पेन्सिल, सगळे क्रमाने सांगितले. काही गाळले नाही, आणि काही सजवलेही नाही. शेवटी एकाच्या फरकाचे गणितही सांगितले, जरी ते त्याला कळले असणारच होते. मर्डो ऐकत राहिला. मग तो चालू लागला. बर्फावर घसरण होती, आणि अशा वाटेवर तो नेहमी तिचा कोपर धरी. आज हात खिशातच राहिले. एफी मागून जपून पावले टाकत होती.

फाटक दिसू लागल्यावर तो वळला. "आणि दोन कुणाला दिलास?"

"तुला."

"नक्की?"

"नक्की. ठळक."

मर्डोने मान हलवली. "एकवीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "मी सांगितलेलं तू आजवर एकदाही ऐकलं नव्हतंस. आणि ऐकायला नेमका कालचा दिवस निवडलास!" त्याने खिशातून हात काढला आणि तिचा कोपर धरला, नेहमीपेक्षा जरा घट्ट.

समोरून खाटीक मॅकफी ढकलगाडी घेऊन येत होता. त्याने दुरूनच टोपी उचलली. "मिस्टर किनेर्ड, फार वाईट झालं हो! आमच्या घरातली चारही मतं, शपथेवर सांगतो, दोन नंबर तुम्हालाच!"

"आभारी आहे, मॅकफी," मर्डो म्हणाला, आणि एफीकडे न बघता पुढे म्हणाला, "आमच्या घरातूनही तसं एक होतं."