घोंगडीवरचा करार

झरीच्या जत्रेत यंदा नाटक होतं. शाळेतल्या मधुवंतीबाईंनी स्वतः लिहिलेलं: कंपनी सरकारचा साहेब आणि मेंढपाळांचा वकील यांच्यात लोकरीच्या करारावरून झालेली तणातणी. साहेब झाले गावातले मोठे बागायतदार दिनकरराव. वकील झाला मेंढरं राखणारा भागवत.

तसा भागवत खराखुरा वकीलच म्हणायचा. कळपाच्या वतीनं बोलणी करायला दरसाल तोच जायचा. रात्री मेंढरं दिनकररावांच्या रानात बसायची, लेंडीखत त्यांना. बदल्यात उन्हाळाभर त्यांच्या विहिरीचं पाणी कळपाला. यंदा दिनकरराव म्हणाले होते, "मेंढरं बसवा, पाण्याचं मात्र जमायचं न्हाई." उद्या सकाळी उत्तर द्यायचं होतं, आणि भागवत मान डोलावणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. दिनकरराव त्याला 'भागवतराव' म्हणायचे, जवळ बसवून चहा पाजायचे, की गडी विरघळलाच!

तालमीला सतरंजी होती. प्रयोगाला भागवतनं हौसेनं घरची घोंगडी आणून अंथरली. आणि नाटकात लिहिल्याबरहुकूम साहेब बुटांसकट तिच्यावर चढले. जिच्यावर मेंढपाळांच्या बिरदेवाचा भंडारा उधळायचा, तिच्यावर बूट! भागवत आपले संवादच विसरला.

"साहेब, आदी बूट काढा. मग सही."

हे काही नाटकात नव्हतं. पडद्याआड बाईंनी कपाळावर हात मारला. दिनकरराव गडबडले, पण माणूस वाईट नव्हता. चूक उमगली तसे ते घोंगडीवरून उतरले, मातीत बसले आणि बूट ओढायला लागले. बूट उसने, घट्ट, निघता निघेनात. शेवटी निघाले तेव्हा फाटक्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आणि पोरं खिदळली. साहेबांनी घोंगडीला हात लावून तो कपाळाला लावला.

"चुकलो भागवतराव. बसू का आता?"

भागवतच्या डोळ्यांत पाणीच आलं. एवढ्या गावादेखत एवढा मान! त्यानं लेखणी उचलली. करारात लिहिलं होतं: सगळी लोकर कंपनीची, भावही कंपनीच ठरवणार.

"भागवता!" पुढंच बसलेली त्याची म्हातारी आई, कासाबाई, ताडकन उठली. "बूट काढलेत रं त्यानं, कागूद तर तसाच हाय!"

माणसं हसून हसून लोळली. भागवतला हसू आलं नाही. त्याला इतक्या सालांचे आपले सगळे होकार आठवले आणि स्वतःचीच लाज वाटली. त्यानं लेखणी खाली ठेवली.

"मालक," तो म्हणाला. आता समोर साहेब नव्हताच. "तुमी मान दिला, लय बरं वाटलं. आता हिरीच्या पाण्याचं बोला."

दिनकररावांनी डोक्यावरची साहेबी टोपी काढली आणि कितीतरी वेळ नुसती हातात फिरवली.

"पाजा मेंढरं," ते हळूच म्हणाले. "उन्हाळाभर पाजा."

टाळ्या पडल्या. कासाबाई मात्र अजून उभीच होती.

"कागदावर लिवून घे," ती म्हणाली.