महापौरांची दोन मिनिटं

आमच्या चर्चमध्ये मयताला बोलायला उभं राहणाऱ्याला दोनच मिनिटं मिळतात. तिसरं लागलं की मी दाराशी पांढरा हातमोजा वर करतो आणि व्हर्लीन ऑर्गन वाजवायला लागते. आधी हळू. माणूस थांबला नाही तर जोरात. चाळीस वर्षं हे काम माझ्याकडे आहे.

डेसमंडच्या मयताला महापौर आले. आमच्यासारखेच काळे, आमच्याच गल्लीत वाढलेले. एकोणीस वर्षांचा डेसमंड भर दुपारी कामावरून घरी येत होता, तेव्हा एका गोऱ्या पोलिसानं त्याच्या पाठीत गोळी घातली. अकरा दिवस झाले तरी पोलिसाचं नाव दाबून ठेवलेलं. डेसमंडची आई अर्नेस्टीन रोज महापौरांच्या कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन एवढंच विचारायची, "कुणी मारलं माझ्या लेकराला?"

पाद्रीबाबा माझ्या कानाशी लागले. "क्लीटस, आज हात खाली ठेव. साहेबांना जास्त वेळ दिलाय."

"मयत साहेबांचं आहे का?" मी म्हटलं.

महापौरांनी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाले, "नुसतं दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघून चालणार नाही. आपली पोरं कुठं हिंडतात? बाप काय करतात? जबाबदारी घरापासून सुरू होते."

पहिल्या बाकावर डेसमंडच्या बापानं मान खाली घातली.

मी हात वर केला. व्हर्लीननं आधी पाद्रीबाबांकडे बघितलं, मग माझ्याकडे. सूर निघाला. महापौरांनी आवाज चढवला, तिनंही चढवला.

"क्लीटसकाका, हे काय?" महापौर माझ्याकडे बघून म्हणाले.

"नियम आहे, बाळा. तुझ्या आईच्या मयताला तुझ्यावरही वाजवलं होतं."

मागच्या बाकांवर हसू फुटलं. तेवढ्यात अर्नेस्टीन उठली.

"थांब गं, व्हर्लीन. माझी दोन मिनिटं ह्याला दिली. जबाबदारी म्हणतोस ना? मग त्या पोलिसाचं नाव सांग."

ऑर्गन थांबला. मी घड्याळ धरून उभा राहिलो.

"चौकशी चालू आहे, ताई..."

"नाव."

महापौर हातातले कागद चाळत राहिले. दोन मिनिटं भरली, मी हात वर केला.

शवपेटीची गाडी निघाली. दफनभूमी उजवीकडे. अर्नेस्टीन पुढे चालत होती, ती डावीकडे वळली, महापौरांच्या कचेरीच्या रस्त्याला. पाद्रीबाबा ओरडले, "क्लीटस, अडव तिला!"

मी चौकात मधोमध जाऊन उभा राहिलो आणि पांढरा हात वर करून समोरून येणाऱ्या गाड्या अडवल्या.