सदतीस नंबरचा तारा

घरात सगळे तिला थोरली म्हणत. थोरलीच्या पीएचडीला सहावं वर्ष लागलं होतं. विषय होता फुगणारे नि आकसणारे तारे. असा तारा ठरावीक दिवसांनी उजळतो, मंदावतो. या फेऱ्याला जितके जास्त दिवस, तितका तो मुळात तेजस्वी. तिने बावन्न तारे मोजले होते. एक्कावन्न आलेखावर शहाण्यासारखे एका रेषेत बसले. सदतीस नंबरचा मात्र हटून बसला. असायला हवा त्याहून बराच मंद. त्याच्यापुढे धुळीचा ढग असावा, असं तिने आठ पानं खर्ची घालून मांडलं होतं.

प्रबंध द्यायला दहा दिवस उरले, तेव्हा बाबा म्हणाले, "आण इकडे, तपासून देतो." त्यांची उभी हयात छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेली होती.

"बाबा, तुम्हाला त्यातलं काय कळणार?"

"कळायला लागलं की माणूस पुढे पळतो आणि चुका मागे राहतात. तू फक्त मूळ वही वाच."

दोघं जेवणाच्या टेबलाशी बसली. ती वहीतले आकडे वाचायची, बाबा प्रबंधातल्या तक्त्यावरून पेन्सिल सरकवायचे. तिसऱ्या पानावर पेन्सिल थांबली.

"सदतीस. परत वाच."

"तेरा पूर्णांक सात दिवस."

"इथे सतरा पूर्णांक तीन आहे."

थोरलीने वही पाहिली, तक्ता पाहिला. मग धावत जाऊन संगणकावर आकडा बदलला. तारा मुकाट्याने रेषेवर जाऊन बसला.

"माझी आठ पानं गेली, बाबा! तो ढग नव्हताच!"

बाबा कावरेबावरे झाले. "मी उगाच बघितलं का गं?"

त्यांचा तो चेहरा पाहून तिला रडू यायचं ते हसूच फुटलं. तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले.

दुसऱ्या दिवशी ती मार्गदर्शक बाईंसमोर उभी राहिली. बाईंचा दरारा मोठा. त्यांनी जुना आणि नवा असे दोन्ही आलेख शेजारी ठेवले, चष्मा काढला.

"ही आठ पानं मीही दोनदा वाचली होती. छान लिहिली होतीस," त्या म्हणाल्या. "आता काढून टाक. बावन्नच्या बावन्न तारे एका रेषेत! यापेक्षा काय हवं तुला? आणि हे पकडलं कोणी?"

"बाबांनी."

"कुठल्या विद्यापीठात असतात?"

"छापखान्यात होते."

प्रबंध वेळेवर गेला, तोंडी परीक्षाही झोकात झाली. त्यानंतरच्या सोमवारी बाई स्वतः घरी आल्या. काखेत दुसऱ्या विद्यार्थ्याचा जाडजूड प्रबंध होता.

"जरा नजर टाकाल का?" त्यांनी बाबांना विचारलं. "विषय कृष्णविवरांचा आहे."

"असू दे की," बाबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला बसले.