गप्प बसणारा ड्रोन

मित्रांनो, मी एक जुना ड्रोन आहे. मरोळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझे काही भाऊबंद लग्नाच्या वरातीवरून मिरवतात, त्यांच्या अंगावर फुलं पडतात. माझ्या नशिबी मात्र धूळ आणि चिखल! बचाव पथकाच्या मृणालिनीताईंनी माझ्या पोटाखाली एक छोटी डबी बसवली. तोच माझा कान. ढिगाऱ्यावर टेकून पंख थांबवले, की खालची बारीकशी थरथरही मला ऐकू येते. सरावाच्या मैदानावर लोक टाळ्या वाजवायचे. पुढे मला कपाटात ठेवलं आणि सगळे विसरले. मी खूप रुसलो होतो.

एका सकाळी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत दरड कोसळली. तिथेच राहणाऱ्या संघमित्राचे आजोबा धोंडिराम घरासकट गाडले गेले. माती अजून सरकत होती, तिच्यावर माणसाला पाय ठेवता येत नव्हता. तेव्हा कुठे माझी आठवण झाली! मी ढिगाऱ्यावर उतरलो, पंख थांबवले. ताईंनी शिट्टी वाजवली. शिट्टी झाली की सगळ्यांनी गप्प बसायचं. अख्खी वस्ती गप्प झाली. संघमित्रा मात्र जिवाच्या आकांताने ओरडत होती, "आजोबाऽ! ओ आजोबाऽ!" मला दुसरं काहीच ऐकू येईना.

"संघमित्रा, जरा थांब गं," ताई म्हणाल्या.

"कशी थांबू? त्यांना कमी ऐकू येतं, ताई! घरी पण आम्ही असंच ओरडतो."

ताईंनी तिचा हात धरला. "त्यांना नाही येत ऐकू. पण आपल्याला येतं ना?"

तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. आणि मग खालून आवाज आला. टक... टकटक. ताईंनी आपला हेडफोन तिच्या कानांना लावला. ती रडता रडता हसली.

"आजोबाच! नळाला पाणी आलं की शेजाऱ्यांना उठवायला असाच पत्रा वाजवतात!"

जवानांनी फळ्या टाकत, बाजूने माती उपसत वाट काढली. दुपारी चिखलाने माखलेले आजोबा बाहेर आले. नातीला बघताच खेकसले, "केव्हाचा पत्रा वाजवतोय! एक हाक मारायला काय झालं होतं गं तुला?"

तिने त्यांना घट्ट मिठी मारली.

मित्रांनो, माझ्या पंखांना आता चिरा गेल्या आहेत. तरी माझी बॅटरी तेवढी भरलेली ठेवा, मी येईन. आणि अशा जागी शिट्टी वाजली, की ज्यांच्यावर तुमचा जीव आहे, त्यांच्यासाठी थोडा वेळ गप्प बसा. ते सापडले की मग हवं तेवढं ओरडा.