कीर्तनाला बसलेला वणवा

कवडोलीच्या डोंगरावरचा वणवा मुरलीधराच्या देवळात कीर्तनाला येऊन बसला, तेव्हा त्याला कोणी ऊठ म्हटलं नाही. कीर्तनाला आलेल्याला ऊठ म्हणत नाहीत.

देवळात म्हणजे अगदी सभामंडपात नव्हे. लोक चपला काढतात त्याच्या बऱ्याच पलीकडे, डोंगराच्या शेवटच्या उतारावर तो मांडी घालून बसला होता. बसल्यावर त्याने गवताची काडीसुद्धा पेटवली नाही. मान तेवढी डोलवायचा, तीही बरोबर समेवर.

चूक म्हटली तर श्रीधरबुवा टेंब्यांची होती, आणि म्हटली तर कोणाचीच नव्हती. चैत्राच्या उत्सवात बुवा प्रसंग पाहून आख्यान लावत. गावात लग्नसराई असली की रुक्मिणीस्वयंवर, पाण्याची ओरड असली की गंगावतरण. यंदा समोर डोंगर पेटलेला, म्हणून त्यांनी खांडववन लावलं. यमुनेच्या काठी देव आणि त्याचा सखा बसले आहेत. तांबूस दाढीचा एक ब्राह्मण येतो आणि म्हणतो, भूक लागलीय, पोटभर जेवायला घाला. देव म्हणतो, घालू. मग कळतं की हा ब्राह्मण म्हणजे अग्नी, आणि याला जेवायला आख्खं रान हवं आहे. बुवा इथवर आले आणि पेटीवरच्या बापू गुरवाचा हात थांबला. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. स्वतःचं नाव ऐकून वणवा खाली उतरला होता.

बुवांनी प्रसंग ओळखला. ‘देव म्हणाला, घालू,’ एवढ्यावर आख्यान थोपवून त्यांनी दृष्टांताला हात घातला.

कीर्तनाचा नियम असा, की लावलेलं आख्यान पुरं करायचं. ते पुरं झालं की आरती, आणि आरतीआधी श्रोत्याने उठायचं नाही. वणव्याला हा नियम कोणी शिकवला ठाऊक नाही, पण तो पाळत होता. आख्यान संपेपर्यंत तो उठणार नव्हता. संपलं की मात्र त्याला शब्द दिल्याप्रमाणे जेवायला लागणार होतं. डोंगराची ही बाजू तर त्याने येतानाच खाल्ली होती. पुढे होती ती कवडोली.

देवळाला लागूनच अंबूताई देवस्थळींचं घर. लहानपणापासून त्यांनी या देवळातलं एक कीर्तन चुकवलं नव्हतं. श्रोत्यांना बुक्का लावायचा आणि शेवटी आरतीचं ताट फिरवायचं, ही कामं त्यांचीच. त्यांचे यजमान नरहरी झांज धरत. डाव्या मनगटाला घड्याळ बांधलं की झांज धरताना अडतं, म्हणून ते उजव्या मनगटावर, तबकडी आत करून बांधत. वणवा कीर्तनाला येण्याच्या आदल्या दिवशी ते निरगुडीची ओली फांदी घेऊन आग झोडपायला डोंगरावर गेले होते. आता ते माथ्यावरच्या दगडी टाक्यापाशी होते. टाकं आणि गाव यांच्यामध्ये वणवा बसला होता, आणि गावाकडे यायची पायवाट त्याच्या मांडीखालून जात होती.

त्या दिवसापासून कवडोलीत संध्याकाळ झाली नाही. ऊन धुरातून यायचं, हळदीच्या दुधासारखं, आणि तिथेच थांबायचं. पेपर आला की दुसरा दिवस उजाडला असं समजायचं.

अंबूताईंना पेपर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायची सवय. दडप्या पोह्यांची वाटी घेऊन त्या ओट्यावर बसत. चहा गावातच बंद होता. वणव्याला बोलावल्यासारखं वाटू नये म्हणून कोणी काडी ओढत नव्हतं, देवापुढची समईसुद्धा शांत केलेली. पेपरात कांद्याचे भाव असत, पुढे ढकललेली निवडणूक असे, हरलेली मॅच असे. मंत्री म्हणाले काळजीचं कारण नाही, तर अंबूताई मनात म्हणत, बरं झालं बाई, कोणाला तरी नाही. पाचव्या पानावर खाली कोपऱ्यात ओळ असे: कवडोलीचा वणवा शांत, नागरिकांत समाधान. आणि त्याच्याच शेजारी ‘ठाऊक आहे का?’ अशी चौकट. ती त्या दोनदा वाचत.

शेजारच्या शैला पानसरेने बंबासाठी फोन लावला, तेव्हा अंबूताई तिच्याजवळच उभ्या होत्या.

“आग पेटलेली आहे का?” पलीकडचा माणूस म्हणाला.

“बसलेली आहे.”

“बसलेल्या आगीला गाडी पाठवता येत नाही. उठली की कळवा.”

शैलाने फोन ठेवला. “चांगला माणूस होता हो काकू,” ती म्हणाली. “नीट ऐकून घेतलं त्याने.”

बुवांचे दृष्टांत लवकरच संपले. साप आणि दोरी झाली, हत्ती आणि मुंगी झाली, घरात दिवा विसरून गावभर उजेड शोधणारी म्हातारी झाली. बुवांच्या चिपळ्या थांबल्या. उतारावर वणव्याने मान वर केली. तेव्हा अंबूताई जागेवरून उठल्या आणि म्हणाल्या, “बुवा, ऑक्टोपसला तीन हृदयं असतात.”

बुवांनी ते वरच्यावर झेललं. “पाहा,” ते म्हणाले, “आपल्याला एकच दिलंय आणि तेही आपण देवापासून लपवून ठेवतो. त्या समुद्रातल्या जिवाला तीन आहेत. त्याने किती लपवावं?” बापूने पेटीवर सूर धरला. वणव्याने मान डोलवली.

त्यानंतर रोज तसंच चाललं. आरती न होताच माणसं जेवायला-झोपायला घरी जाऊन येत, नियम पाळून बसून राही तो वणवा तेवढा. शुक्रावरचा दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो, हे अंबूताईंनी सांगितलं आणि बुवांनी त्यावर विरहाची पदं गायली. मध वर्षानुवर्षं नासत नाही, यावर नामस्मरण निघालं. शास्त्राच्या हिशेबाने केळं ही बेरी असते; बुवांनी बेरीचं बोर केलं आणि शबरीला गहिवरून आलं. खांडववनात शबरी कुठून आली, हे विचारायला कोणाच्या अंगात त्राण नव्हतं.

यजमानांचा फोन येई.

“जेवलीस का?”

“जेवले. तुम्ही?”

“करवंदं आहेत. टाक्यात पाणी आहे, छातीइतकं. बुवांचा आवाज येतो इथवर. ते तीन हृदयांचं तुझंच ना?”

“माझंच.”

“ओळखलं मी. आख्यान कुठवर आलंय?”

“‘घालू’वरच आहे.”

“बरं,” ते म्हणाले. “इथून त्याची पाठ दिसते. रुंद आहे.”

मग देऊळ आणि डोंगर यांच्यामधली जमीन कमी होऊ लागली. कीर्तन रंगलं की श्रोते पुढे सरकतात, तसा वणवाही सरकत होता, पण रस्ता ओलांडून नव्हे. मधलाच भाग सतरंजीसारखा गुंडाळला जायचा. आधी माळ गेला. मग शाळेचं मैदान गेलं, मुलं घराचा उंबरा ओलांडून थेट वर्गात पाऊल टाकू लागली. एके दिवशी एसटी स्टँड नव्हता. गाडी देवळाच्या पायरीला लागली, उतारू खाली उतरले, हात जोडले आणि तिथूनच पुन्हा गाडीत चढले. पेपरचंही तसंच झालं. प्रथम परदेश गेला, मग दिल्ली, मग मुंबई, मग जिल्हा. मॅच कुठे झाली ते कळेना, फक्त हरली एवढं कळे.

शेवटी अंबूताईंच्या ओट्यावरून हात लांब केला की वणव्याच्या गुडघ्याची धग लागू लागली. शैलाने तिथेच उडदाचे पापड वाळत घातले.

“बसलाच आहे तर उपयोग तरी होऊ दे,” ती म्हणाली. “नाहीतरी यंदा ऊन कुठाय धड.”

“तो खाईल गं ते.”

“त्याचं लक्ष कीर्तनात आहे. आमच्या ह्यांचं कधी इतकं नव्हतं.”

पापड कडकडीत वाळले. वणव्याने एकालाही हात लावला नाही.

फोनवर पाणी कमरेइतकं झालं, मग गुडघ्याइतकं. यजमान त्याची तक्रार करत नव्हते. आज गुडघ्याइतकं आहे, असं ते कांद्याचा भाव सांगावा तसं सांगत. मग म्हणाले, “तळ दिसतोय. तळाशी कोणाची तरी पितळी वाटी आहे. चांगली जुन्या घडणीची आहे. येताना घेऊन येतो.”

त्या दिवशी मध्यंतरात बुवांना हार घालताना अंबूताई हळूच म्हणाल्या, “बुवा, त्या रानात घरट्यात चार पिल्लं असतात. ती अग्नीची विनवणी करतात आणि तो त्यांना सोडून पुढे जातो. तेवढं सांगा ना.”

बुवांचा अंगरखा खांद्यांवरून सैल पडला होता. इतक्या दिवसांत ते झिजून चिपळ्यांएवढे राहिले होते. “सांगेन ताई,” ते म्हणाले. “माझ्याही मनात तेच आहे. पण पिल्लांपर्यंत जायचं तर आधी रान पेटावं लागतं. मधलं गाळून नाही सांगता येत.”

“आणि रान म्हणजे?”

बुवांनी सभामंडपाकडे पाहिलं. शैला बसली होती, तिची सासू भिंतीला टेकली होती, बापू पेटीचा भाता पुसत होता. त्यांच्यामागे घरं होती, आणि रान म्हणण्यासारखं आता तेवढंच उरलं होतं.

अंबूताईंनी गाभाऱ्यात पाहिलं. मुरलीधर एक पाय दुमडून उभा होता, वर्षानुवर्षं उभा होता तसाच. घालू, असं त्यानेच एकदा म्हटलं होतं. देवाने शब्द दिला की तो देवालाही मागे घेता येत नाही. अंबूताईंना त्याचा राग आला नाही. लहान मूल भलतंच कबूल करून बसतं आणि मग आईच्या तोंडाकडे बघतं, तसा तो त्यांना दिसला.

दुसऱ्या दिवशीचा पेपर तळहातावर मावेल एवढाच होता, कडेने तांबूस झालेला. बातमी एकही नव्हती. फक्त चौकट होती. ती वाचून अंबूताईंनी पेपर कमरेला खोचला आणि ठरवलं की हे सांगायचं नाही.

फोन आला. “टाकं कोरडं झालं,” यजमान म्हणाले.

“बरं.”

“घसा कोरडा आहे म्हणून फार बोलत नाही. झांज कोण धरतंय?”

“कोणी नाही. तुमची जागा तशीच ठेवलीय.”

“बरं,” ते म्हणाले.

कीर्तन सुरू झालं. बुवांनी मध पुन्हा घेतला, शुक्र पुन्हा घेतला. वणव्याला ते आठवत होतं. दुसऱ्यांदा ऐकताना त्याची मान डोलली नाही. बुवा थांबले आणि अंबूताईंकडे पाहू लागले. मग बापू पाहू लागला, मग सगळा सभामंडप. अंबूताई उठल्या. त्यांनी दुसरं काही आठवून पाहिलं. उंटाबद्दल काहीतरी होतं, शहामृगाबद्दल होतं, पण तोंडाशी आलं की त्याची नुसती राख होत होती. काहीच आठवत नव्हतं हे खरं. दुसरं आठवलं असतं तरी कमरेला खोचलेलंच सांगितलं असतं का, हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं.

“बुवा,” त्या म्हणाल्या, “काही झाडांच्या बिया वणवा येऊन गेल्याशिवाय उघडतच नाहीत.”

वणवा डोलायचा थांबला. बसल्यापासून पहिल्यांदाच त्याने श्रोत्यांमधल्या एखाद्याकडे बघावं तसं अंबूताईंकडे पाहिलं.

“काकू, काय केलंत,” शैला म्हणाली. ती रागावली नव्हती. दूध उतू गेल्यावर म्हणतात तसं म्हणाली.

बुवांनी डोळे मिटले. यावर दृष्टांत होत नव्हता, हे आख्यानच होतं. “देव म्हणाला, घालू,” बुवांनी सुरू केलं, “आणि देवाने घातलं.” आणि मग त्यांच्या झिजलेल्या अंगातून असा आवाज निघाला की बापूला सूर वर न्यावा लागला. रान पेटलं, हरणं पळाली, नदीचं पाणी उकळलं, आणि त्या सगळ्याच्या मधोमध घरट्यात चार पिल्लं चोची वर करून उभी राहिली. पिल्लं काय म्हणाली ते बुवांनी गायलं. सभामंडपाने ते मागून म्हटलं. झांजेची जागा रिकामी होती, तरी झांज वाजत होती, डोंगरावरून, किंचित उशिरा.

आख्यान पुरं झालं.

सगळे उभे राहिले. कवडोलीत संध्याकाळ झाली, इतक्या दिवसांची थकलेली सगळी, एकदम. बापूने आरतीचं ताट अंबूताईंच्या हातात दिलं. निरांजनात तुपात भिजलेली वात होती, पण पेटवायला काडी नव्हती. कोणी खिसे चाचपले नाहीत. सगळ्यात लांबून आलेल्या श्रोत्याला आरती आधी द्यायची, ही या देवळाची रीत. अंबूताई ताट घेऊन पायरीपर्यंत गेल्या. पुढे जायला जमीन उरली नव्हती.

वणवा उठला. उठल्यावर तो देवळाहून उंच होता, पण पायरीशी वाकला. त्याने दोन्ही तळवे वातीवरून फिरवले आणि डोळ्यांना लावले. वात पेटली. मग मागच्याला वाट द्यावी तसा तो बाजूला सरकला, गावाच्या बाजूला.

रांगेतला पुढचा हात ताटावर आला. उजवा हात होता, बुक्क्यासारखा काळा. मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ होतं, आणि ते चालू होतं. हात ज्योतीच्या वर येऊन थांबला होता. अंबूताईंनी मान वर केली नाही. त्या ताट धरून तो हात ज्योतीवरून फिरायची वाट पाहत राहिल्या.