मनस्वीच्या चौरंगाची भोकं मी पाडली

मी साचा बोलतोय. लाकडाला सरळ भोक पाडायचा साचा. ऐकायचं तर ऐका, नायतर उठा. मला लाडीगोडी जमत नाय.

लोखंडाचा ठोकळा मी. आंगात तीन भोकं, भोकांत पोलादाच्या नळ्या, बाजूला एक कान. कान लाकडाला टेकवायचा, नळीतून ड्रिल घालायचं. समोरासमोर भोकं पडली का मधी लाकडाची खुंटी आन गम. खिळा नाय, स्क्रू नाय. मानसाला एवढंबी धड जमत नाय.

पनवेलला मुनाफभाईच्या दुकानात काशिराम आला. गव्हाण गावचा, डोकं कायम तापलेलं. मिठागर गेलं, मिठाच्या कोठाराचं सागवानी दार तेवढं उरलेलं. त्या दाराचा चौरंग करीन आन माजी पोर मनस्वी हलदीला त्यावरच बसंल, असं त्यानं भावकीत छाती ठोकून सांगितलेलं. मेव्हणा जगन हासला, "भाड्याचा सोफा आनतो दाजी. तुमचा चौरंग पोरीला पाडंल."

मुनाफभाईनं तीन साचे मांडले.

"शेट, हा प्लास्टिकचा चार दिवसांत ढिला होतो. हा म्हागवाला कारखान्याला ठीक. घरच्या कामाला हा बस्स, नळी पोलादी हाय. फकत कान सगळीकडं एकाच बाजूनं टेकवा. निशाणी करा."

"मला शिकवतोस?" काशिराम बोल्ला आन मला पिशवीत कोंबला.

निशाणी केलीच नाय. पाय जोडायच्या पट्टीला कान भायेरून लावला, पायाला आतून. खुंटी ठोकली तर पट्टी पायाच्या दोन सूत भायेर! दाराचं लाकूड संपलेलं, दुसरा पाय निघनार नव्हता. हलद परवावर आलेली.

"साचाच भिकारडा!" करून त्यानं मला भिरकावला. गेटाच्या खांबावर आपटलो, कोपरा चेपला. चूक तुजी, आन मार मला?

त्याची बायको भामा वट्यावर हलद भिजवत व्हती. तिनं मला उचलला.

"आवो, आदी तोंड मिटा. ह्याचा कान कुठं लावलाव ते बगा."

"तुला काय कलतंय गो सुतारकीतलं?"

"सुतारकी नाय कलत. पन लग्नात जात्याला, मुसळाला पयली हलद लावतो ना आपुन? मग ह्या लाकडांनी काय पाप केलंय?"

तिनं पायांना, पट्ट्यांना, सगळ्यांना भायेरच्या आंगाला हलदीचं बोट ओढलं. "बोट दिसंल तिथंच कान."

काशिराम कामाला लागला. चुकलेल्या भोकात खुंटी आन गम ठोकून बुजवलं, सुकू दिलं, मग बोट बगून मला टेकवला. भोक पडलं, खुंटी बसली. नखभर फट नाय.

हलदीला मनस्वी चौरंगावर बसली. जगन मुद्दाम कोपऱ्यावर हात दाबून बगत व्हता. चौरंग हाललाच नाय. काशिराम मिशीला पीळ देत बोल्ला, "साचा फालतू व्हता रे, हात आपला सोन्याचा!"

आग झाली माज्या आंगाची. तवर भामा उरलेली हलद घेऊन आली. माज्या चेपलेल्या कोपऱ्यावर बोट ओढलं आन नवऱ्याला ऐकू जाईल असं बोल्ली, "मान ह्याचा पन हाय."

आता मी फळकुटावर पडलोय, गंज धरतोय. तुमी साचा घ्याल तवा स्वस्त घ्या, पन नळी पोलादी बगा. आन घरी नेल्यावर आपली चूक माज्या डोक्यावर घालू नका.

काल जगन आला. "दाजी, साचा द्या, पाट करायचाय." मला उचलून अंगठ्यानं कोपरा पुसाया लागला.

"ए, हलद पुसू नको!" काशिराम वराडला. "न्यायचा तर तसाच ने. आन कान एकाच बाजूनं लाव, गाढवा. चूक तुजी असंल, त्याची नाय."

माफी? ती नाय मागितली त्यानं. मीबी दिलेली नाय.